उंबराखालची हजेरी

एका जंगलात एक ससीण राहत असे. जंगल काही फार मोठे नव्हते. एक डोंगर, त्याच्या खांद्यावर माळ, आणि पायथ्याशी ओढा, एवढेच. पण त्या सगळ्या जंगलात ससीण प्रसिद्ध होती ती तिच्या कानांमुळे. वाळक्या पानावरून मुंगी गेली तरी तिला कळते, असे सगळे म्हणत. म्हणणारे काय, काहीही म्हणतात. पण तिला खरोखरच फार बारीक ऐकू येई. आणि मुलांनो, ज्याला फार ऐकू येते त्याची एक खोड असते. जे ऐकायचे नसते ते तो बरोबर ऐकत नाही.

त्या जंगलात सगळ्यांची मिळून एक शाळा होती. शाळा एकच, पण वर्ग दोन. वरचा वर्ग माळावर आंब्याखाली भरे, खालचा ओढ्याकाठी उंबराखाली. ज्याचे घर जिकडे जवळ त्याचे पिल्लू तिकडे जाई. वर भारद्वाज सर शिकवीत आणि खाली टिटवीबाई. धडे दोन्हीकडे तेच असत : कोणते पान खावे, कोणते हुंगून सोडून द्यावे, आणि सगळ्यांत आधी, इशारा झाला की जागच्या जागी निपचित कसे पडावे. कारण ओढ्यापलीकडे तरस राहत असे. तरसाला हलते ते दिसते आणि बोलते ते सापडते. जे हलत नाही, बोलत नाही, ते त्याला दगडासारखे. त्याचे नाव मुलांसमोर कोणी घेत नसे. 'पलीकडचा' म्हणत आणि विषय बदलत.

इशारा देण्याचे काम टिटवीबाईंचे. त्यांचा आवाज इतका कर्कश होता की तो खालून निघून थेट माळावर पोचे, आणि दोन्ही वर्गांतली पिल्ले एकाच क्षणी जमिनीला चिकटत. शाळेला कुंपण म्हणाल तर ओढ्याच्या कडेने करवंदीच्या जाळ्यांचा एक दाट पट्टा होता. तो खालच्या वर्गाच्या अगदी पाठीशी होता, पण राखण दोन्ही वर्गांची करी, कारण पलीकडच्याला माळावर चढायचे तर आधी तोच ओलांडावा लागे. दरवर्षी पावसाळा सरला, की शाळा उघडण्याआधी कुंपणाचा दिवस पाळत. त्या दिवशी वरचे आणि खालचे सगळे पालक ओढ्याकाठी जमत, मोडलेल्या फांद्या एकमेकींत गुंतवत, भगदाडे बुजवत आणि मग उंबराखाली बसून पिकलेली फळे खात. भांडणेही भरपूर होत. पण संध्याकाळपर्यंत कुंपण नीट झालेले असे.

एका उन्हाळ्यात माळावरच्या साळिंदराने वरच्या पालकांना आंब्याखाली बोलावले. साळिंदर बोलू लागला की त्याचे काटे आपोआप उभे राहत, त्यामुळे तो नेहमीच फार महत्त्वाचे बोलतो आहे असे वाटे. तो म्हणाला, "आपली पोरं मातीत बसतात. वारा लागतो. त्यात खालून त्या बाई दिवसातून कितीदा किंचाळतात, पोरांचं लक्ष लागायचं कसं? पंचायत काही करणार नाही. आपणच आपलं मंडळ काढू या."

कोणाला पटले नाही असे झालेच नाही. मुलांच्या भल्याच्या गोष्टीला नाही कोण म्हणेल? ठरले असे, की प्रत्येक घराने काट्यांची मोळी आणायची आणि तोंडभर सावरीचा कापूस आणायचा. काट्यांचे आंब्याभोवती गोल कुंपण करायचे, फटींत कापूस ठासायचा आणि उरलेला खाली अंथरायचा. वर्गणी गोळा करायचे काम ससिणीने आपणहून घेतले. तिचे पहिलेच पिल्लू त्या वर्षी वरच्या वर्गात बसणार होते, आणि त्याच्यासाठी तिने आंबाही उपटून आणला असता. कोणी मोळी आणली नाही की ती त्याच्या दाराशी जाऊन गोड बोलत उभी राही. तिच्या गोड बोलण्याला सगळे घाबरत.

आता माळावर गवताखेरीज काही उगवत नसे. काटे होते फक्त खाली, ओढ्याच्या कडेला.

"ती जाळी कोणाच्या एकट्याच्या मालकीची आहे का?" साळिंदर म्हणाला. "सगळ्या जंगलाची आहे. म्हणजे आपलीही आहे."

हे अगदी खरे होते. खोटे असते तर कोणीतरी अडवले असते.

मग उन्हाळाभर करवंदी कापली गेली. कापण्यात ससिणीच्या दातांची बरोबरी कोणी करू शकत नव्हते. घाम गाळून, तोंड रक्ताळून तिने फांद्या वर नेल्या, आणि दर खेपेला तिला आपण मुलासाठी काहीतरी करतो आहोत याचे समाधान वाटे. शेवटच्या खेपेला ती उंबराजवळची एक जाळी कापायला बसली, तेव्हा तिथे राहणारी तितरीण पिल्लांची रांग घेऊन आली.

"ससूताई, एवढी एक राहू द्या," ती म्हणाली. "माझं धाकटं हिच्यात बसूनच पाठ म्हणतं. उघड्यावर त्याचा आवाजच फुटत नाही."

"अहो, पाऊस पडला की पुन्हा फुटेल ती," ससीण म्हणाली. "करवंदीला काय, कापली तरी वाढतेच." आणि तिने दात लावले. तितरीण थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग पिल्लांना घेऊन निघून गेली. सर्वांत मागे धाकटे होते. ते सारखे वळून बघत होते.

वरचे कुंपण असे झाले की बघत राहावे. चहूकडून काटे, काट्यांत कापूस, खाली मऊ पांढरी बैठक आणि आत जायला एकच दार. आत शिरले की वारा थांबे, ऊन थांबे आणि बाहेरचा प्रत्येक आवाज थांबे. भारद्वाज सरांनी आत एकदा घुमून पाहिले आणि ते म्हणाले, "आता कशी शाळेसारखी शाळा वाटते." त्या वर्षी कुंपणाच्या दिवशी माळावरून ओढ्याकाठी कोणी गेले नाही. आमचे कुंपण झाले, असे सगळ्यांनी एकमेकांना सांगितले. खाली जमलेल्या थोड्याशा पालकांनी दिवसभर खटपट केली, पण गुंतवायला फांद्याच उरल्या नव्हत्या.

मंडळाच्या पुढच्या सभेला टिटवीबाई चढून आल्या. त्या उडत आल्या नाहीत, चालत आल्या. दमल्या होत्या.

"निम्मे काटे खाली द्या," त्या म्हणाल्या. "माझा वर्ग उघडा पडलाय."

"बाई, आम्हाला वाईट वाटतं," साळिंदर म्हणाला. "पण हे आम्ही आमच्या कष्टानं केलंय. तुमच्या पालकांनीही मंडळ काढावं. त्यांना कोणी अडवलंय?"

"काढतील. काटे कुठून आणतील?"

दाराशी कमान करायची की नाही हा सभेचा पुढचा विषय होता, त्याकडे सगळे वळले. ससिणीने बाईंचा प्रश्न अगदी स्पष्ट ऐकला होता. मग तीही कमानीबद्दल बोलू लागली.

हिवाळा लागला, धुके पडू लागले. त्या वर्षी धुके फार दाट होते. ते ओढ्यातून निघे, पूर्वी करवंदीत अडे, आणि आता सरळ माळावर चढून येई. ससीण रोज शाळा सुटायच्या वेळी दाराशी जाऊन उभी राही आणि हाक मारी, "बाळा, चल रे घरी, आई आली." तिचे शब्द ठरलेले होते. पिल्लू उड्या मारत बाहेर येई, त्याच्या पायांना कापूस चिकटलेला असे, आणि ती तो चाटून काढी.

अशाच एका दिवशी घरी जाताना पिल्लू म्हणाले, "आई, आज तू दोनदा का बोलावलंस?"

"एकदाच तर बोलावलं."

"नाही. आधीही बोलावलंस. मी उठलो होतो, पण सर म्हणाले, अजून सुटायला वेळ आहे, बस खाली. मग तू गप्प झालीस."

ससीण हसली. वारा असेल, ती म्हणाली. कापसातून वारा वर्गात येत नाही हे तिला ठाऊक होते. त्या रात्री तिने पिल्लाला नेहमीपेक्षा जवळ घेतले, आणि आपण असे का करतो आहोत याचा विचार केला नाही.

मग खालून बातमी आली. तितरिणीचे धाकटे पिल्लू नाहीसे झाले. पाठ म्हणायला उघड्यावर धीर होत नाही म्हणून ते गवतात जरा पुढे गेले होते, ते परत आले नाही. मंडळाने सभेत दुःख व्यक्त केले, आणि वरच्या वर्गाचे दार आणखी अरुंद करायचे ठरवले. त्यासाठी एक चांगली काटेरी फांदी हवी होती. ती आणायला अर्थातच ससिणीला पाठवले.

ती उतरून गेली तेव्हा धुके इतके होते की उंबर जवळ आल्यावरच दिसला. त्याच्या बुंध्याशी खालचा वर्ग बसला होता. वर्ग कसला, एकमेकांना पाठ लावून बसलेला एक गठ्ठा होता तो : मोठी पिल्ले बाहेरच्या अंगाला, लहान आत. जरा बाजूला एका दगडावर तितरीण डोळे मिटून बसली होती. टिटवीबाई एका पायावर उभ्या राहून हजेरी घेत होत्या.

"थोरलं तितर?"

"हजर."

"मधलं तितर?"

"हजर."

"धाकटं तितर?"

ससीण थबकली. तिला वाटले, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, बिचाऱ्या. ती पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून, जिथे पूर्वी करवंदी होती त्या गवतातून, आवाज आला.

"हजर."

आवाज पिल्लाचा होता. धाकट्या तितराचाच होता, तोच जरासा घाबरट, शेवटाला चिरकणारा. दुसऱ्या कोणाला काही वावगे वाटले नसते. पण ससिणीचे कान ते ससिणीचे कान. आवाज पिल्लाचा होता आणि श्वास पिल्लाचा नव्हता. तो फार मोठ्या छातीतून, फार सावकाश येत होता. एकाही पिल्लाने तिकडे मान वळवली नाही. तितरिणीने डोळे उघडले नाहीत.

ससीण सरपटत बाईंजवळ गेली. "बाई, ते काय आहे?"

"तुम्हाला माहीत आहे काय आहे ते," टिटवीबाई हळू म्हणाल्या. "ते इथे बसून आमचं सगळं ऐकतं. उघड्यावरचा वर्ग, कोणीही ऐकावा. त्याला आता हजेरी येते. पाढे येतात. धाकट्याचं नाव घेतलं की ते ओ देतं. म्हणून मी रोज ते नाव घेते, दिवसभर अधूनमधून घेत राहते. ओ आली की ते कुठे बसलंय ते कळतं. कुंपण नाही, तर तेवढाच आधार."

"आणि तितरताई? त्यांना का बसू देता इथे?"

टिटवीबाईंनी दगडाकडे पाहिले. "मी नको म्हणाले होते. त्या म्हणाल्या, तेवढा आवाज तरी राहिलाय."

ससिणीने मान खाली घातली. जिथे ती बसली होती तिथे मातीतून एक कापलेला बुंधा वर आला होता, आणि त्यावर तिच्याच दातांच्या खुणा होत्या. पाऊस येऊन गेला होता, तरी त्याला अजून एकही पान फुटले नव्हते.

टिटवीबाईंनी पुन्हा नाव घेतले. "धाकटं तितर?"

गवत गप्प होते.

"धाकटं तितर?"

उंबरावरून दहिवराचा थेंब पडला तो सगळ्यांना ऐकू आला. तितरिणीने डोळे उघडले.

"उठलं ते," टिटवीबाई म्हणाल्या. "मागेही एकदा असंच झालं होतं. ओ आली नाही म्हणून मी घसा फाटेस्तोवर ओरडले. वर कोणी ऐकलं नाही." आणि त्यांनी पंख उघडले व इशारा दिला. तो इतका भयंकर होता की खालची पिल्ले त्याच क्षणी मातीला चिकटली आणि धुक्यात कुठे माती आणि कुठे पिल्लू ते कळेनासे झाले.

मागेही एकदा. पिल्लू म्हणाले होते, आज तू दोनदा का बोलावलंस. ससीण पळत सुटली.

ती आयुष्यात कधी पळाली नसेल अशी पळत चढ चढली. मागून बाईंचा आवाज येतच होता, एकामागून एक. तिला वाटत होते, ऐकतील, एवढा आवाज कसा नाही ऐकणार. मग तिला आपण दातांनी ठासून भरलेला कापूस आठवला. प्रत्येक फटीत किती नेटाने भरला होता तो. एक फटही राहू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात ती दोनदा फिरली होती.

ती माळावर पोचली, आणि तिथे तिने स्वतःला बोलताना ऐकले.

"बाळा, चल रे घरी, आई आली."

तिचाच आवाज. तिचाच लाड. दाराशी धुक्यात एक पाठ दिसत होती, पुढे उंच आणि मागे उतरती. ती अजिबात हलत नव्हती.

"बाळा, चल रे घरी."

आतून, दाराच्या त्या एका वाटेने, पिल्लाचा आनंदी आवाज आला. "सर, माझी आई आली."

"बरं, जा आज," भारद्वाज सर म्हणाले.

ससिणीने ओरडायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. ओरडून काय सांगणार? तिचा आवाज आता तिचा एकटीचा राहिला नव्हता. तिने हाक मारली असती तर पिल्लू आणखी लवकर दाराकडे धावले असते. मग तिने सशांचे जुने काम केले, मागचे पाय जमिनीवर दाणदाण आपटले. धोका असला की ससे असेच सांगतात, आणि ते कानांना नाही, पायांना कळते. पण आत मुलांच्या पायांखाली जमीन नव्हती. मऊ कापूस होता, तोही तिनेच आणलेला.

तेव्हा ती कुंपणाच्या मागच्या अंगाला धावली. तिथे तिची शेवटची फांदी होती, उंबराजवळून आणलेली, धाकट्या तितराच्या बसण्याच्या जाळीची. सगळ्यांत शेवटी घाईत खोचल्यामुळे तीच तेवढी सैल राहिली होती. ससीण मागे सरली आणि डोळे मिटून तिने त्या काट्यांत स्वतःला झोकून दिले. काटे कानांत शिरले, कान फाटले, कापूस उडाला आणि भगदाड पडले. त्या भगदाडातून धुके आत शिरले, आणि धुक्याबरोबर टिटवीबाईंचा इशारा आत शिरला.

वरच्या वर्गाने तो आवाज कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. भारद्वाज सरांची मान तशीच वळलेली राहिली. खारीचे पिल्लू रडायच्या बेतात आले. हे काय आहे आणि याचे काय करायचे असते, ते कोणालाच आठवेना. ससिणीचे पिल्लू दारापासून एका उडीवर होते. ते थांबले, त्याने कान उंचावले, आणि मग त्याला आठवले. ते कापसात निपचित पडले. त्याचे पाहून सगळी पडली.

अरुंद दारातून एक तोंड आत आले. ते फार मोठे होते आणि ते अगदी हळू बोलले. "बाळा," ते ससिणीच्या आवाजात म्हणाले. "आई आली." कोणी हलले नाही. ते वाट पाहत राहिले, डोके एका बाजूला कलते करून. मग त्याने धाकट्या तितराचा आवाज काढला. "हजर," ते म्हणाले. "हजर. हजर." काट्यांत अडकलेल्या ससिणीला आपल्या पिल्लाची पाठ दिसत होती. तिला वाटत होते, त्याने श्वाससुद्धा घेऊ नये. ती मनात त्याला सांगत होती, बाळा, आईचं ऐकू नकोस, आज आईचं मुळीच ऐकू नकोस.

तेवढ्यात इशारा ऐकून घराघरांतून निघालेले सगळे खालून आले. पुढे टिटवीबाई होत्या, मागे उंबराखालचे पालक होते, चालणारे, उडणारे, सरपटणारे. त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून तितरीण आली आणि सरळ त्या तोंडावर, डोळ्यांवर जाऊन आदळली. तिने एकही शब्द उच्चारला नाही. तरस मागे सरला. तो घाबरून पळाला असे सांगायला मला आवडले असते, पण तो पळाला नाही. इतके सगळे एकदम ओरडू लागले की त्याला काही ऐकायचे राहिले नाही, म्हणून तो वळला आणि आला तसा, ओढ्याकडे, सावकाश चालत गेला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा झाली. साळिंदर काटे उभारून म्हणाला, "माझं तर मत आहे, कुंपण आणखी उंच करावं." ससीण तिथे होती. तिचे दोन्ही कान चिंध्यांसारखे लोंबत होते. ती उठली, तिने कुंपणातली एक फांदी दातांत धरून ओढून काढली आणि ती उतारावरून खाली ओढत नेऊ लागली. आधी सगळे नुसते बघत राहिले. मग खारीने एक घेतली. मग भारद्वाज सरांनी घेतली, त्यांना फरफटत न्यायला फार त्रास झाला. साळिंदर सगळ्यांत शेवटी आला, पण पाठीवर त्याने सर्वांपेक्षा जास्त आणले, तेही सांगितले पाहिजे.

कापलेल्या फांद्यांना मुळे फुटत नाहीत. त्या रोवल्या, पण नवी करवंदी दाट व्हायला पुष्कळ पावसाळे जावे लागणार होते. तोवर दोन्ही वर्ग उंबराखाली एकत्र बसू लागले, आणि दोन्हीकडचे पालक आळीपाळीने ओढ्याच्या कडेला राखणीला उभे राहू लागले. कापूस आणू का, असे कोणीतरी विचारले. टिटवीबाई नको म्हणाल्या, पोरांच्या पायांना जमीन लागू दे. ससीण आता पिल्लाला हाक मारीत नसे. शाळा सुटली की ती लांब उभी राहून पाय आपटी, आणि पिल्लू येई.

आपल्या राखणीच्या दिवशी ती तितरिणीच्या दगडाशेजारी बसली.

"तितरताई," ससीण म्हणाली, "तुमची ती जाळी मीच कापली होती."

"माहीत आहे," तितरीण म्हणाली. "मी तिथेच उभी होते."

मागे हजेरी चालू होती. आता ती लांबलचक झाली होती, दोन वर्गांची. खार झाली, ससा झाला, थोरले तितर झाले, मधले झाले.

"धाकटं तितर?" टिटवीबाईंनी विचारले.

सगळा वर्ग कान देऊन बसला. कोणाला काही ऐकू आले नाही. बाईंनी पुढचे नाव घेतले. तितरीण मात्र अजून ओढ्याकडे मान लांबवून होती. मग ती ससिणीकडे वळली आणि तिच्या फाटक्या कानांकडे बघत म्हणाली, "तुम्हाला आला का आवाज?"

ससिणीला तो ऐकू आला होता. इतका बारीक की एरवी तिने तो सोडून दिला असता, आणि ऐकायचा तर तिला मुळीच नव्हता.

"आला," ती म्हणाली. "ओढ्यापलीकडून. फार लांबून."

तितरिणीने मान हलवली आणि ती पुन्हा डोळे मिटून बसली. ससीण तिच्या शेजारी बसून राहिली.

तात्पर्य : जे सगळ्यांचे आहे ते कापून आपल्या मुलांपुरते बांधलेले कुंपण आपल्या मुलांनाही राखत नाही. शेजारच्या वर्गाची हाक आपल्या वर्गात ऐकू येते, तोवरच आपली मुले सुखरूप असतात.